पिलारचा वसता मठ

पणजीहून मडगावकडे निघालेली गाडी बांबोळीचा चढ मागे टाकून गोवा वेल्ह्याच्या सपाटीला लागली, की डाव्या हाताला शेतांच्या पलीकडे एक टेकडी दिसते. ती पिलारची टेकडी. माथ्यावर चारशे वर्षांहून जुना मठ आहे, आणि त्याच्या सज्ज्यातून पाहिले तर खाली भाताची खाचरे, त्यापलीकडे झुवारीचे रुंद पात्र आणि अगदी क्षितिजाशी मुरगाव बंदर असा सगळा पट एका नजरेत मावतो. पर्यटकांच्या बसगाड्या मात्र इकडे क्वचितच वळतात; त्या थेट ओल्ड गोव्याला जाऊन थांबतात. ओल्ड गोव्याचे वैभव मी नाकारत नाही. तरीही जुना मठ कसा असतो हे एखाद्याला खरोखर समजून घ्यायचे असेल, तर त्याने आधी पिलारला जावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण तिथे आजही माणसे राहतात, पहाटे उठून प्रार्थना करतात, शिकतात, आजारी पडतात, म्हातारी होतात आणि तिथल्याच मातीत पुरली जातात.

हे माणसांचे असणे किती मोलाचे आहे, ते ओल्ड गोव्यातल्या संत ऑगस्टिनच्या मनोऱ्याखाली उभे राहिले की कळते. जांभ्या दगडाचा सुमारे ४६ मीटर उंचीचा तो मनोरा एका काळी भव्य चर्चच्या दर्शनी भागाचा हिस्सा होता, आणि शेजारी ऑगस्टिनियन साधूंचा मोठा मठ होता. १८३५ साली साधूंना बाहेर काढले गेले. सातच वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चचे छत कोसळले, आणि १९३१ मध्ये दर्शनी भागाचा मोठा भाग पडला. लढाई झाली नाही, भूकंप झाला नाही. कौले सरकली तेव्हा ती बसवायला कोणी नव्हते, भिंतीत पिंपळ उगवला तेव्हा तो उपटायला कोणी नव्हते. गोव्याच्या पावसाने उरलेले काम केले. जवळच सांता मोनिकाचे जोगिणींचे, म्हणजे नन्सचे, विहार आहे. १६०६ साली स्थापन झालेल्या त्या घरातून जोगिणींना हाकलले नाही, पण नव्या मुलींना प्रवेश देण्यास बंदी झाली, आणि एकेक वृद्धा जात जात शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. ती वास्तू वाचली, आणि १९६४ पासून तिथे निरनिराळ्या संघांतल्या धर्मभगिनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतात. पण ज्या समुदायासाठी ते घर बांधले होते, तो संपला तो संपलाच.

पिलारची गोष्ट या दोन्हींहून वेगळी आहे. तिथे समुदाय बदलला, मध्ये खंड पडले, घर ओसाडही झाले. पण प्रत्येक वेळी कोणीतरी पुन्हा येऊन चूल पेटवली.

टेकडीचा इतिहास मठापासून सुरू होत नाही, आणि तसा तो सांगूही नये. पायथ्याचा परिसर म्हणजे गोव्याच्या कदंबांची राजधानी गोपकपट्टण. अकराव्या शतकात कदंबांनी चांदोरहून आपली सत्ता या झुवारीकाठच्या बंदरात आणली, आणि दूरदूरची गलबते इथे लागू लागली. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीच्या फौजांनी या नगराची वाताहत केली. पुढे नदीत गाळ साचत गेला आणि व्यापार मांडवीकाठच्या एला या गावी सरकला, ज्याला आज आपण ओल्ड गोवा म्हणतो. टेकडीवर गोवेश्वराचे, म्हणजे शिवाचे, स्थान होते अशी इथली परंपरा सांगते. पोर्तुगीज आल्यावर सोळाव्या शतकात तिसवाडीतली देवळे पाडली गेली, आणि १५६० पासून १८१२ पर्यंत मधला अल्प काळ सोडल्यास इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वरवंटा या भूमीवर फिरत राहिला, हेही इतिहासाने नोंदवलेले आहे. मठाविषयी आपुलकीने लिहिताना हे झाकून ठेवावे असे मला वाटत नाही. पिलारच्या धर्मगुरूंनीही ते झाकलेले नाही: टेकडीवरच्या छोट्या संग्रहालयात कदंबकालीन अवशेष त्यांनीच जपून मांडले आहेत. ज्या मातीत आपण राहतो तिचे आधीचे रहिवासी कोण होते, याची दखल घेणारे घरमालक जगात फार नसतात.

मठाची स्थापना १६१३ ची. फ्रान्सिस्कन संघाच्या ‘कापुशु’ नावाच्या शाखेने तो बांधला आणि स्पेनमधल्या सारागोसा शहरात पूजल्या जाणाऱ्या, स्तंभावर उभ्या असलेल्या मारियामातेच्या नावाने तो अर्पण केला. पिलार हे नाव तिचेच. फ्रान्सिस्कनांमधले हे लोक कडक आचाराचे, दारिद्र्याचे व्रत अक्षरशः पाळणारे. अनवाणी किंवा साध्या वहाणांत वावरावे, भिक्षेवर जगावे आणि रात्री झोपमोड करून प्रार्थनेला उठावे, ही त्यांची रीत. ओल्ड गोव्यातल्या सोन्याने मढवलेल्या वेदींपासून दूर, गावाबाहेरची टेकडी त्यांनी का निवडली असेल हे वेगळे सांगायला नको.

चर्चच्या दारावर असिसीकर संत फ्रान्सिसची दगडी मूर्ती आहे. दर्शनी भाग उंच नाही, डोळे दिपवणारा तर मुळीच नाही. आतला मठ मात्र पाहताक्षणी ओळखीचा वाटतो, कारण त्याची रचना आपल्या चौसोपी वाड्यासारखी आहे: मधे उघडा चौक, चारही बाजूंनी पडव्या, आणि पडवीला लागून खोल्या. जाड भिंती जांभ्याच्या, त्यांवर चुन्याचा गिलावा, आणि पडवीच्या भिंतींवर ओलीने फिकटलेली जुनी भित्तिचित्रे. मी एका दुपारी त्या पडवीत बराच वेळ उभी होते. बाहेर रणरणते ऊन असताना आत भिंतीला हात लावला तर ती गार लागत होती; चौकातला उजेड फरशीवर सरळ न पडता खांबांवरून उतरून येत होता, त्यामुळे चित्रे निरखायला दिवा लागत नव्हता आणि डोळेही दुखत नव्हते. एका चित्रात एका संताच्या झग्याच्या घड्या तेवढ्या शिल्लक आहेत, चेहरा पुसला गेला आहे. घड्यांचा तो गेरूसारखा रंग पाहताना मनात आले, की ज्याने हे रंगवले तो हात बहुधा इथल्याच कुणा कारागिराचा असेल. गोव्यातल्या चर्चमधली कितीतरी लाकूडकामे आणि चित्रे स्थानिक कारागिरांनी घडवली, त्यांची नावे मात्र कुठे लिहिली गेली नाहीत.

१८३४ मध्ये पोर्तुगालमधल्या यादवीत उदारमतवादी पक्ष विजयी झाला आणि ३० मे रोजी मंत्री जोआकिम आंतोनियु द आगियार यांच्या हुकुमाने पुरुषांचे सर्व धर्मसंघ बरखास्त होऊन त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. लोकांनी या मंत्र्याला ‘साधूंचा मारेकरी’ असेच टोपणनाव दिले. पुढच्या वर्षी हुकूम गोव्यात अंमलात आला. पिलारच्या साधूंना निघावे लागले, आणि सव्वादोनशे वर्षांची प्रार्थनेची वहिवाट तुटली. यात एक बारकावा आहे, आणि तो मला फार बोचतो. युरोपीय संघांबरोबरच गोमंतकीय धर्मगुरूंनी स्वतः उभारलेला एक संघही याच वरवंट्याखाली आला. संत जोसेफ वाझ यांचा ज्याच्याशी निकटचा संबंध होता, तो ओल्ड गोव्यातला ओरेटरी संघ हा. युरोपीय संघ भूमिपुत्रांना बरोबरीने आत घेत नव्हते, म्हणून तर सतराव्या शतकात तो उभा राहिला होता. परक्या साधूंची सद्दी संपवताना राज्यकर्त्यांनी इथल्या मुलांचे हक्काचे घरही बंद केले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काही काळ पिलारमध्ये कार्मेलाइट संघाचे साधू राहून गेले. त्यांच्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. खरी नवी सुरुवात झाली ती दक्षिणेला काणकोणातल्या आगोंद गावात. १८८७ मध्ये पाद्री बेंतो मार्तिन्स यांनी तिथे काही गोमंतकीय धर्मगुरूंना एकत्र करून संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाने मिशनरी संघ स्थापला, आणि १८९० मध्ये हा संघ पिलारच्या ओस मठात राहायला आला. युरोपीय साधूंनी बांधलेल्या घराची किल्ली गोव्याच्या मुलांच्या हातात आली, ती अशी. पैसा नाही, पाठबळ तुटपुंजे आणि माणसे मोजकी. गावोगाव फिरून प्रवचने द्यायची, जिथे कुणी जायला तयार नाही अशा वाड्यांवर जाऊन राहायचे, हे त्यांचे काम.

या मोजक्या माणसांत १८९७ साली हणजुणेचा एक तरुण येऊन दाखल झाला: आग्नेलो दे सौझा, जन्म २१ जानेवारी १८६९. पुढच्याच वर्षी त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. पहिली अनेक वर्षे त्याने याच टेकडीवर प्रार्थनेत आणि अभ्यासात काढली. पुढे शिरवई, कर्नाटकातले कुमठा, सावर्डे अशा ठिकाणी काम केले, आणि १९१८ पासून राय गावाजवळच्या राशोल सेमिनारीत भावी धर्मगुरूंचा आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून तो राहिला. त्याच्या चरित्रात नाट्य जवळजवळ नाही. मोठे वाद नाहीत, प्रवास नाहीत, ग्रंथसंपदा नाही. तासन्तास वेदीसमोर गुडघे टेकून बसणारा, अपुरे खाणारा, जुना झगा घालणारा आणि दारी आलेल्या गरिबाला रिकाम्या हाताने न पाठवणारा एक कृश माणूस, एवढेच चित्र समोर येते. १९ नोव्हेंबर १९२७ रोजी राशोलला प्रवचन देत असताना तो व्यासपीठावरच कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याने प्राण सोडला. वय अवघे ५८.

त्याच्या मृत्यूनंतर लोकांची रीघ लागली, आणि त्याच काळात त्याचा संघ मात्र आटत चालला होता. नवे उमेदवार येत नव्हते, जुने एकेक करून जात होते. १९३०च्या दशकाच्या अखेरीस संघ नावापुरता उरला होता. १० जानेवारी १९३९ रोजी आग्नेलोचे अवशेष राशोलहून पिलारला आणले गेले. त्याच वर्षीच्या जुलैत गोव्यातल्या काही तरुण धर्मगुरूंनी संघात प्रवेश करून त्याची नव्याने घडी बसवली. आधी समाधी आली आणि मग माणसे आली, हा क्रम मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे आळंदी-देहूची वाट तुडवलेल्या कुणालाही तो परका वाटणार नाही. इमारत दुरुस्त करायला निधी पुरतो. तिथे आयुष्य घालवायला माणूस तयार व्हावा यासाठी त्याच्याआधी तिथे कुणीतरी आयुष्य घातलेले असावे लागते.

मुंबई-नवी मुंबईच्या मराठी घरांत ‘अग्नेल’ हे नाव सगळ्यांना ठाऊक असते, पण ते प्रवेशयादीतले नाव म्हणून. वांद्र्याचे, वाशीचे कॉलेज, शाळा, टेक्निकलचे वर्ग. हे नाव कुणा माणसाचे आहे आणि तो माणूस गोव्यातल्या एका टेकडीवर चिरविश्रांती घेत आहे, हे मला स्वतःला शिक्षण संपल्यावर कितीतरी वर्षांनी समजले. १९३९ नंतरच्या पिढीतले फादर कॉन्सेसाओ रॉड्रिग्ज यांनी १९५०च्या दशकात वांद्र्याच्या समुद्रकाठी अग्नेल आश्रमाचे काम सुरू केले. निराधार मुलांना निवारा द्यायचा आणि हातात कसब द्यायचे, ही त्यामागची कल्पना. लेथ, फिटिंग, सुतारकाम, वेल्डिंग हे शिकून मुलगा बाहेर पडला की त्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही, हा साधा हिशेब होता, आणि त्या काळच्या कारखान्यांच्या मुंबईत तो अचूक ठरला. पुढे त्यातूनच अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली, ज्यांना आज त्यांचेच नाव आहे. मशीनच्या कर्कश आवाजात चालणारे ते वर्कशॉप आणि वेदीसमोर मुक्याने बसणारा आग्नेलो यांचा मेळ कसा लावायचा, हा प्रश्न मला पडला होता.

टेकडीवरच्या मुक्कामात एका वृद्ध धर्मगुरूंना मी तो विचारला. त्यांनी ऐन उमेदीची वर्षे मुंबईत मुलांना मशीनवर शिकवण्यात घालवली होती आणि आता निवृत्त होऊन ते इथे परतले होते. त्यांचे मराठी स्वच्छ होते, मधूनच कोंकणी हेल यायचा. “बाई, फादर अग्नेल पहाटे उठायचे ना, तसे आम्हीही पहाटे उठायचो,” ते म्हणाले. “प्रार्थना करायची आणि मग वर्कशॉपची किल्ली घेऊन जायचे. मुलगा फाइल धरायला शिकतो तेव्हा त्याच्या मनगटाशी आपला हात ठेवावा लागतो. दिवसभर तेच. संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. दोन कामे आहेत असे मला कधी वाटले नाही.” एवढे बोलून त्यांनी मला स्वतःचा उजवा हात दाखवला, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा अजून होता. आपल्या कामाविषयी ते इतक्या सहज बोलले, की पुढचे सगळे प्रश्न मी गिळून टाकले.

काटेकोरपणे बोलायचे तर आज पिलारला राहणारे लोक जुन्या अर्थाने मठवासी साधू नाहीत. त्यांचा संघ चर्चच्या कायद्यानुसार प्रेषितकार्यासाठी एकत्र राहणाऱ्या धर्मगुरूंचा समाज आहे. कोंडून घेऊन आजन्म एकाच चौकात राहण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. उलट, बाहेर पाठवले जाण्यासाठीच ते इथे घडतात. अंदमान-निकोबारच्या बेटांवर त्यांनी काम केले, आणि १९८४ मध्ये पोर्ट ब्लेअरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा पहिले बिशप याच संघातले होते. ‘वावराड्यांचो इश्ट’ हे कोंकणी साप्ताहिक १९३३ साली सुरू झाले; कष्टकऱ्यांचा मित्र म्हणवणारे ते पत्र या संघाने पिढ्यान्‌पिढ्या चालवले आहे. तरीही दिवसाची चौकट जुनीच आहे: पहाटेची प्रार्थना, मिस्सा, अभ्यास आणि काम, सायंप्रार्थना, आणि झोपण्यापूर्वीची रात्रप्रार्थना. कापुशु साधू ज्या स्तोत्रांनी रात्र उजाडवत, तीच स्तोत्रे आज कोंकणीत आणि इंग्रजीत म्हटली जातात. प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून मी ती ऐकली आहेत. दोन बाजूंना बसलेले दोन गट एकेक कडवे वाटून घेतात. एका बाजूचा श्वास संपतो तिथे दुसरी बाजू उचलते, आणि कुणाचाही आवाज वर काढलेला खपत नाही.

दर गुरुवारी समाधीशी गर्दी असते, आणि २० नोव्हेंबरला तर टेकडीचा रस्ता माणसांनी भरून जातो. त्यांत हिंदू भाविक पुष्कळ असतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८६ मध्ये आग्नेलोला ‘वंदनीय’ ही पदवी दिली; संतपदापर्यंतच्या पुढच्या पायऱ्या अजून बाकी आहेत. समाधीवर डोके टेकणाऱ्या बायकांना त्या पायऱ्यांशी कर्तव्य नसते. मुलाची परीक्षा, नवऱ्याचे दारूचे व्यसन, ऑपरेशनची तारीख असे काहीतरी घेऊन त्या येतात. जुन्या फ्रान्सिस्कनांनी घालून दिलेली संतांच्या मिरवणुकीची प्रथाही खाली गोवा वेल्ह्याच्या संत आंद्रे चर्चमध्ये जिवंत आहे. ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या पुतळ्यांचे मखर खांद्यावर घेऊन गावातून ‘संतांचो पुरसांव’ निघतो. साधू गेले तेव्हा ती मिरवणूक गावाने उचलली आणि सोडली नाही.

आता पुन्हा एकदा माणसांचा प्रश्न उभा आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत एक किंवा दोन मुले असतात. त्यांतले कुणी आखातात जाते, कुणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला जाते. ‘मला पाद्री व्हायचे आहे’ असे म्हणणारा मुलगा दुर्मीळ झाला आहे, आणि तो म्हणालाच तर आईवडील आनंदतीलच असेही नाही. याविषयी मी त्या वृद्ध फादरांकडे काळजी व्यक्त केली, तेव्हा ते चिंताक्रांत दिसले नाहीत. १९३९ मध्ये तरी कोण होते, एवढेच ते म्हणाले, आणि पडवीतून चाललेल्या दोन तरुणांना त्यांनी हाक मारून बोलावले. दोघेही गोव्याबाहेरचे, त्यांतला एक छोटा नागपूरच्या डोंगरी गावातून आलेला. तो सकाळपासून कोंकणी वाचनाचा सराव करत होता, कारण रविवारी त्याला गावातल्या चर्चमध्ये पहिल्यांदाच पाठ वाचायचा होता. फादरांनी त्याच्या हातातला कागद घेतला, एका शब्दावर बोट ठेवले आणि त्याचा उच्चार त्याच्याकडून तो बरोबर येईपर्यंत म्हणवून घेतला.